आवाज नेमका कुठे कमी करावा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोथरूडला टू बीएचके सदनिकेत पत्नी आणि शाळकरी मुलीसह राहणारे एक वाचक हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतात. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाल्यापासून त्यांनी बेडरूममधील टेबलावर संगीत ऐकण्याची व्यवस्था हौसेने उभी केली आहे. विंडोज संगणकाला यूएसबीने एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करणारी पेटी, जोडलेला आहे. त्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक आणि नॉब आहे, तर मागच्या बाजूने दोन ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या, स्पीकरांकडे वायरी जातात. पुढचा नॉब फक्त हेडफोनचा आवाज बदलतो. स्पीकरांकडे जाणारा संकेत त्या नॉबमुळे बदलत नाही. स्पीकरांचे स्वतःचे नॉब पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला असल्यामुळे स्पीकरांचा आवाज ते विंडोजच्या पट्टीने कमी-जास्त करतात. ऑडिओतील जाणकार असलेल्या एका मित्राच्या मते असे करणे म्हणजे गाण्याचे बिट (ते ज्या आकड्यांत साठवलेले असते त्यांतले अंक) कापून फेकणे होय. पट्टी कायम १०० वर ठेवावी आणि डॅक व स्पीकर यांच्यामध्ये प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरांकडे जाणारा आवाज नॉबने ठरवणारी विजेवरची पेटी, बसवावा, असे तो सुचवतो. त्याच्याच ओळखीत एक वापरलेला प्रीॲम्प १८,००० रुपयांना मिळतो आहे आणि रविवारपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. दरम्यान, गेल्या महिन्यात रात्री परदेशी सहकाऱ्यांबरोबरची बैठक संपताच हेडफोनमध्ये गाणे एवढ्या मोठ्याने आदळले, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात सूं वाजत होते. गुणवत्ता न गमावता आवाज कमी करण्याची योग्य जागा कोणती, आणि हे १८,००० खर्च करावेत का, असे वाचक विचारतात.

तुमचे पत्र दोनदा वाचले. प्रीॲम्पविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि हेडफोनमध्ये आदळलेल्या त्या आवाजाविषयी जेमतेम चार ओळी. उत्तर देताना मी हा क्रम उलटा करणार आहे, कारण मला तुमचा स्वतःचा प्रश्न त्या चार ओळींतच दिसतो. दीड पान तुम्ही मित्राच्या प्रश्नाला दिले आहे.

आधी कानाचे. मोठ्या आवाजानंतर सूं वाजणे किंवा दडे बसल्यासारखे वाटणे एका दिवसात ओसरले, तरी तो प्रकार पुन्हा होऊ न देणे एवढेच आपल्या हाती असते. ओसरले नसेल, तर हे सदर बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

आता ते घडले कसे, हे पाहू. तुम्ही लिहिता की बैठक लांबल्यामुळे मागे हळू आवाजात गाणे लावून ठेवले होते आणि ‘ते अचानक ऐकूच येईना’ म्हणून प्लेअरमधली पट्टी शेवटपर्यंत सरकवली. विंडोजमध्ये एक सोय मुळातच चालू असते. संगणकावरून कोणाशी तरी बोलणे सुरू आहे असे तिला जाणवले, की इतर सगळे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणले जातात. हेतू चांगला आहे, पण ती तुम्हाला विचारत नाही आणि सांगतही नाही. गाणे विंडोजने दाबले, तुम्ही ते दुसऱ्या बाजूने वर ओढले, बैठक संपली आणि विंडोजने आपला हात काढून घेतला. हेच घडले असे मी इथे बसून शपथेवर सांगणार नाही, परंतु लक्षणे तंतोतंत जुळतात. ध्वनीच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचे पान आहे. तिथे ‘डू नथिंग’ हा पर्याय निवडून ठेवावा. या कामाला अर्धा मिनिट लागतो. घरून बैठका करणाऱ्या प्रत्येकाने तो आजच काढावा.

तरीही एक गोष्ट उरते. हे सगळे झाले, तरी डॅकच्या पुढचा नॉब कमी असता तर तुम्ही दचकण्यापलीकडे काही झाले नसते. तो तीन चतुर्थांश फिरवलेला होता, असे तुम्हीच लिहिता. का? कारण तुमचे स्पीकर मागून एवढे जोरात लावलेले आहेत, की विंडोजची पट्टी २० च्या वर नेली तर भिंत हादरते. मग त्या २० वर हेडफोन ऐकू यावा म्हणून त्याचा नॉब जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो. सोसायटीच्या गच्चीवरचा मुख्य कॉक अर्धवट बंद ठेवून घरातले सगळे नळ सताड उघडे ठेवावेत, तशी ही व्यवस्था आहे. कोणी तरी वरचा कॉक उघडेपर्यंत सगळे सुरळीत चालते.

त्या रात्री कानावर काय आले असेल, याचा हिशेब करता येतो. तुमच्या हेडफोनचा रोध ३२ ओहम आणि संवेदनशीलता एका मिलिवॅटला १०० डेसिबल, असे तुम्ही खोक्यावरून उतरवून पाठवले आहे. डॅकने हेडफोनला २ व्होल्ट दिले, तर २ चा वर्ग भागिले ३२, म्हणजे १२५ मिलिवॅट शक्ती तिथे पोहोचते आणि आवाज १२१ डेसिबलच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवते आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८९ ला ५ तास. हाच हिशेब १२१ पर्यंत नेला, तर पूर्ण आठवड्याचा वाटा साधारण ११ सेकंदांत संपतो. गाण्याची सरासरी त्याच्या शिखरापेक्षा बरीच खाली असते आणि नॉबही पूर्ण उघडा नव्हता, त्यामुळे प्रत्यक्षात एवढे झाले नसावे. मात्र टेबलावरच्या मुठीएवढ्या पेटीत ही ताकद असते, हे तिच्या आकारावरून कोणाच्या लक्षात येत नाही. याच २ व्होल्टांवर ३०० ओहमचा आणि ९६ डेसिबल संवेदनशीलतेचा हेडफोन १०७ पर्यंतच जातो. म्हणूनच मित्राचा नॉब कुठे असतो, हे पाहून आपला नॉब लावू नये.

आता बिटांकडे वळू. तुमच्या मित्राचे गणित चुकलेले नाही. ते अर्ध्यावर सोडलेले आहे. डिजिटल आवाजात दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल मिळतात आणि १६ बिटांचा पल्ला ९६ डेसिबलचा होतो. पट्टीने ३६ डेसिबल कमी केले तर सहा बिट रिकामे राहतात आणि कामाला दहाच उरतात. संगणक डॅकला १६ बिटच पाठवत असता, तर ही तक्रार रास्त ठरली असती. परंतु विंडोज आवाजांची बेरीज-वजाबाकी ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशचिन्ह सरकते ठेवणाऱ्या, आकड्यांत करते आणि पुढे डॅकला किती बिट पाठवायचे, हे तुम्हाला ठरवता येते. डॅकच्या गुणधर्मांत ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर २४ बिट निवडले, की १६ बिटांच्या गाण्याखाली आठ बिटांची, म्हणजे ४८ डेसिबलची मोकळी जागा तयार होते. आवाज तेवढा खाली आणला, तरी गाण्याच्या सर्वांत तळच्या बिटातील माहितीलाही जागा उरते. शिवाय ज्या गाण्यासाठी हा जीव टाकायचा, ते स्टुडिओत मिसळले जाताना त्यातला प्रत्येक वाद्याचा आवाज बहुधा संगणकावरच वर-खाली झालेला असतो; त्या वेळी बिटांची काळजी करायला आपण तिथे नव्हतो.

मग डिजिटल पट्टीने काहीच बिघडत नाही का? बिघडू शकते, फक्त कारण वेगळे आहे. कोणत्याही डॅकच्या विजेच्या बाजूला स्वतःची एक मंद सळसळ असते. चांगल्या डॅकमध्ये ती पूर्ण पातळीच्या सुमारे ११० डेसिबल खाली असते. पट्टी खाली आणल्याने ही सळसळ वाढत नाही. ती आहे तिथेच राहते आणि गाणे उतरून तिच्या जवळ जाते. त्यामुळे विचारायचे ते एवढेच, की ती सळसळ तुम्हाला तुमच्या खुर्चीत ऐकू येते का. रात्री रस्ता शांत झाल्यावर, पंखा बंद करून, काहीही न वाजवता स्पीकर चालू ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या जागी बसा. काही ऐकू आले नाही, तर गाणे चालू असताना ते ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, पट्टी २० वर असो वा ८० वर. ट्वीटरला, म्हणजे स्पीकरातल्या वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाला, कान लावला तर बहुतेक ॲक्टिव्ह स्पीकरांत बारीक सूऽ ऐकू येतेच. त्यातला बराचसा भाग स्पीकरातल्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा असतो आणि तो १८,००० च्या प्रीॲम्पने जात नाही. कान लावण्याआधी प्लेअर पूर्ण बंद केल्याची खात्री करावी, हे तुमच्या अनुभवानंतर सांगायला नकोच.

ॲनालॉग नॉब तेवढा सोवळ्यातला आणि डिजिटल पट्टी तेवढी विटाळलेली, ही समजूत आपल्याकडे बरीच मुरलेली आहे. माझ्याकडे एक जुना ॲम्प्लिफायर होता. रात्री हळू आवाजात ख्याल लावला, की मध्यभागी बसलेल्या गायिका उजवीकडे सरकून थेट तबल्याशेजारी जाऊन बसत, आणि नॉब हलवताना मधूनच करकर आवाज येई. मी स्पीकरांच्या जागा बदलून पाहिल्या, वायरी बदलल्या, कानच तपासून घ्यावेत असेही मनात आले. शेवटी तो उचलून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेला. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी झाकण काढून नॉबच्या मागच्या डबीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा गरागरा फिरवला आणि म्हणाले, ‘करकर गेली. पण हळू आवाजात एक बाजू कमी येणार ती येणारच, पॉटच तसा आहे.’

त्यांनी एका वाक्यात सांगितले ते असे. स्टिरिओच्या नॉबमागच्या डबीत, म्हणजेच पॉटमध्ये, एकाच दांड्यावर दोन कार्बनचे पट्टे असतात, डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक. दोघांचा रोध सगळीकडे तंतोतंत जुळावा अशी अपेक्षा असते आणि मधल्या भागात तो बऱ्यापैकी जुळतोही. अगदी सुरुवातीच्या भागात मात्र तो हमखास चुकतो. म्हणजे स्पीकर मागून जोरात लावून ठेवले आणि पुढचा नॉब कायम घड्याळातल्या सात-आठच्या काट्यावर, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, रेंगाळत राहिला, तर तुम्ही त्याचा सर्वांत वाईट भाग रोज वापरता. मित्राने सुचवलेला प्रीॲम्प तुमच्या आजच्या जोडणीत आणून बसवला, तर नेमके हेच होईल. पट्टीचा २० आकडा जाऊन नॉबचा आठचा काटा येईल आणि मूळ दुखणे तसेच राहील.

तेव्हा डिजिटल की ॲनालॉग, या वादात तुम्हाला बाजू घेण्याची गरज नाही. मी जागा निवडताना दोन गोष्टी विचारते: आवाज कमी करावासा वाटल्यावर हात आपोआप कुठे जातो, आणि काही बिनसले, म्हणजे ड्रायव्हर (संगणकावरून डॅक चालवणारे सॉफ्टवेअर) नवा झाला, संगणक बदलला, एखाद्या प्लेअरने डॅक थेट ताब्यात घेऊन विंडोजची पट्टी ओलांडली, तर जास्तीत जास्त किती मोठा आवाज येऊ शकतो. ही शेवटची गोष्ट कल्पनेतली नाही. ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ किंवा ‘बिट-परफेक्ट’ नावाने जे पर्याय प्लेअरमध्ये असतात आणि जे तुमचे मित्र बहुधा मोठ्या अभिमानाने चालू करायला सांगतील, ते विंडोजच्या मिक्सरला वगळूनच काम करतात. पट्टीवर २० दिसत असताना पूर्ण जोराचा आवाज येण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

म्हणून रविवारआधी, एक रुपयाही खर्च न करता, पुढील गोष्ट करून पाहा. स्पीकर टेबलाच्या पुढे ओढून त्यांच्या पाठीचे नॉब अगदी खाली आणा. विंडोजची आणि प्लेअरची पट्टी १०० वर न्या, हेडफोन काढून ठेवा आणि डॅकचा पुढचा नॉब शून्यावर आणा. आता एखादे अलीकडचे, भरगच्च वाजणारे चित्रपटगीत लावा आणि पाठीचे नॉब थोडे थोडे उघडत जा. ‘घरात कोणी नसताना, भर दुपारी, याहून मोठे मला कधीच नको’ असे वाटेल तिथे थांबा. स्पीकरांची छताची उंची आता तुम्ही ठरवलीत. पुढे कशानेही घोळ घातला तरी त्यापलीकडे आवाज जाणार नाही. दोन डब्यांचे नॉब वेगळे असल्यामुळे ते समान करावे लागतील: खुर्चीत बसून दोन्हींपासून सारख्या अंतरावर कोणाचा तरी बोलण्याचा आवाज, एखादी बातमीदेखील चालेल, मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरांकडे एकच आवाज जाईल असे, वाजवा आणि बोलणारा बरोबर समोर दिसू लागेपर्यंत एका बाजूचा नॉब केसाएवढा हलवत राहा. मग त्या जागी खूण करा. मी यासाठी टिकली वापरते. ती चिकटते, निघते, काळ्या नॉबवर उठून दिसते, आणि कामवाल्या बाईंनी पुसताना नॉब हलवला तरी मूळ जागा शोधायला अर्धा सेकंद पुरतो.

यानंतर तुमची पट्टी नेहमीच्या ऐकण्याला ५० ते ७० च्या दरम्यान येऊ लागेल. ती तिथे यावी अशीच इच्छा आहे, कारण वरची मोकळी जागा वाया गेलेली नसते. आजच्या चित्रपटगीतांची पातळी मुद्दाम चढवलेली असते, तर जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे बरीचशी खालच्या पातळीवर असतात. विलंबित ख्यालाची सुरुवात तर तानपुऱ्याच्या काठाकाठाने चालते आणि अर्ध्या तासाने द्रुत तानांपर्यंत पोहोचते. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला मांडवात बसून ऐकणाऱ्याला हा चढ नैसर्गिक वाटतो. टेबलाशी ऐकणारा मात्र सुरुवातीला पट्टी वर ढकलतो आणि पुढे दचकतो. अशा वेळी सुरुवातीला थोडे कमी ऐकू येणे सोसावे, कान दोन मिनिटांत सरावतो. गाण्यागाण्यांतील पातळीचा फरक फार छळत असेल, तर प्लेअरमधली व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनची सोय चालू ठेवावी. तीही डिजिटलच असते, पण ती लावली म्हणून आजवर कोणाचे गाणे फाटलेले मी ऐकलेले नाही.

आता हेडफोन. विंडोजची पट्टी ६० च्या आसपास ठेवून पुढचा नॉब शून्यापासून हळूहळू वर आणा आणि आरामात ऐकू येईल तिथे दुसरी टिकली लावा. डॅकला लो आणि हाय गेनचा, म्हणजे संकेत कमी किंवा जास्त वाढवण्याचा, खटका असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनला लो पुरेसा आहे. त्यामुळे नॉबही त्याच्या जुळणाऱ्या मधल्या भागात येतो. हेडफोन कानावर चढवण्याआधी नॉब खाली आणण्याची सवय लावून घ्या. मोटारसायकल सुरू करताना न्यूट्रल पाहतो, तसे ते हाताला वळण लागले की लक्षात ठेवावे लागत नाही. विंडोजचे स्वतःचे टिंग-टाँग आवाजही बंद करून टाकावेत. ते गाण्याच्या पातळीशी सल्लामसलत करून वाजत नाहीत.

रात्रीच्या ऐकण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण शेजाऱ्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडे लिहिते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. ती परिसराची मर्यादा आहे, तुमच्या टेबलाची नव्हे. तरी रात्री दहा ही वेळ घरातही पाळण्याजोगी आहे. अडचण अशी, की आवाज हळू केला की आपल्या कानाला खर्जातले स्वर इतर स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवले. डग्गा गायब झाला, की आपण ‘अजून थोडा’ म्हणून पट्टी वर नेतो आणि वरच्या मजल्यावर पोहोचतो तो नेमका डग्गाच, कारण स्लॅबमधून खर्जच जातो. रात्रीपुरती बेसची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवून एकूण आवाज खालीच ठेवणे, किंवा हेडफोन घालणे, हे दोन्ही मार्ग त्यापेक्षा बरे. स्पीकर थेट लाकडी टेबलावर असतील, तर खाली जाड रबराचे किंवा फोमचे तुकडे द्यावेत.

एवढे केल्यावर काही विकत घ्यावेसे वाटले, तर कशासाठी घेतो आहोत ते आधी नक्की करावे. अडचण फक्त हात पोहोचण्याची असेल, तर कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा पुरतात. विंडोजमध्ये दर दाबाला पट्टी २ ने सरकते. त्याऐवजी गोल चाक हवे असेल, तर यूएसबीला जोडायचा छोटा व्हॉल्यूम नॉब मिळतो, जो त्याच कळांचे काम करतो आणि आवाजाच्या वाटेत येत नाही. परंतु हेडफोन आणि स्पीकर एकाच पट्टीला बांधलेले राहतात, ही तुमची मूळ गाठ त्याने सुटत नाही.

ती गाठ सोडवायची असेल, तर माझी पसंती डॅक आणि स्पीकर यांच्यामधल्या साध्या पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोलला आहे. ही एक छोटी डबी असते, तिला विजेची जोडणी नसते आणि तिच्यावर एक मोठा नॉब व शक्यतो एक म्यूटचे बटण असते. मग विंडोजची पट्टी एका जागी सोडून द्यायची, स्पीकरांना टेबलावरचा नॉब आणि हेडफोनला डॅकचा नॉब. दोघांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. पॅसिव्ह डबीने आवाजातला जीव जातो, असे तुमचे मित्र म्हणतील. लांब वायरींच्या बाबतीत त्यात तथ्य आहे: ५० किलोओहमचा नॉब आणि दहा मीटर केबल असेल, तर केबलच्या धारकतेमुळे (थोडी वीज साठवून ठेवण्याच्या गुणामुळे) वरचे स्वर १२-१३ किलोहर्ट्झपासूनच उतरू लागतात. तुमच्या टेबलावर केबल दीड मीटरची आहे. १० किलोओहमचा नॉब निवडला, तर तो उतार माणसाच्या श्रवणाच्या कितीतरी पलीकडे जातो. विजेवर न चालणाऱ्या डबीचा आणखी एक फायदा असा, की घूंऽऽ आवाजाला निमित्त होणारी अर्थिंगची नवी वाट तिच्या प्लगमधून तयार होत नाही. प्रीॲम्पचा प्लग मात्र ती तयार करू शकतो, विशेषतः तो वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटात लावला तर. म्हणून संगणक, डॅक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असावेत. चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना आधी. वीज गेली की स्पीकरांचे बटण बंद करून ठेवावे, नाहीतर ती परत येताना सगळे एकदम जागे होतात आणि स्पीकरांचे शंकू धाडकन उसळतात.

म्यूटच्या बटणाचा आग्रह मी दुसऱ्याच कारणाने धरते आहे. मुलीचा अभ्यास चालू असताना पत्नी ‘आवाज कमी करा’ म्हणतात आणि तुम्ही जागेवर नसाल तर त्या थेट बोर्डावरचे बटण बंद करतात, अशी तक्रार तुमच्या पत्रात आली आहे. त्यात त्यांची चूक नाही. कुलूपबंद संगणक, पट्टी कुठल्या तरी कोपऱ्यात, एक नॉब भिंतीकडे आणि समोर दिसणारा नॉब फिरवला तरी काहीच होत नाही. अशा व्यवस्थेत बाहेरच्या माणसाने आणखी काय करावे? टेबलावर एक नॉब आणि एक बटण असेल, तर ते तुमच्या मुलीलाही समजेल.

राहिला तो प्रीॲम्प. तुमचे मन त्यात अडकलेलेच असेल, तर विक्रेत्याला तो एका संध्याकाळपुरता मागून घ्या. मित्राची ओळख आहे तर तो देईल. मात्र तुलना नीट करा. दोन आवाजांत जो जरासा मोठा असतो तो कानाला हमखास चांगला वाटतो, म्हणून दोन्ही मार्गांची पातळी आधी जुळवली पाहिजे. १०० हर्ट्झचा सूर लावून साध्या मल्टिमीटरने स्पीकरांकडे जाणारे व्होल्टेज एसीवर मोजा आणि दोन्ही वेळा ते एका टक्क्याच्या आत येईल असे करा; एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. मग पाठमोरे बसा आणि वायरी बदलण्याचे काम पत्नीकडे सोपवा. कोणत्या वेळी काय जोडले आहे ते त्यांनी कागदावर लिहून ठेवावे, तुम्ही तुमचे उत्तर दुसऱ्या कागदावर लिहा, आणि असे निदान दहा वेळा करा. दहापैकी नऊ-दहा वेळा तुम्हाला ओळखता आले आणि जे ओळखले ते आवडलेही, तर प्रीॲम्प जरूर घ्या. पाच-सहा वेळाच जमले, तर रविवारी सकाळी तो ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात घालून परत देऊन या.